गेममधल्या दातेरी कडा मॉडने कशा घालवायच्या: रीशेड आणि एसएमएए, पहिल्या पायरीपासून

गेम सुंदर असतो, प्रकाश-सावल्या झकास असतात, पण छपराची तिरकी कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते, दूरची विजेची तार तुटक दिसते आणि कॅमेरा हलला की कुंपणाची जाळी नुसती लुकलुकत राहते. सेटिंगमध्ये जाऊन बघावं तर अँटी-अलायझिंगचा, म्हणजे दातेरी कडा मऊ करण्याचा, पर्याय एक तर नसतोच, किंवा असला तरी तो चालू करताच सगळं चित्र धुरकट होतं. अशा वेळी बाहेरून बसवलेला मॉड, म्हणजे गेमचं रूप बदलणारा जोड-प्रोग्राम, खरोखर कामाला येतो. मात्र कोणत्या मॉडने कोणता दोष जातो हे आधी समजून घेतलं तरच. बहुतेक जण तिथेच चुकतात: मॉड बसवतात, सगळे आकडे टोकाला नेतात, मग चित्र पुसट झालं म्हणून मॉड काढून टाकतात.

या लेखाचा मोठा भाग रीशेड या मॉडमधून एसएमएए, म्हणजे कडा मऊ करण्याची एक पद्धत, कसं लावायचं आणि कसं जुळवायचं यावर आहे. जिथे ते पुरत नाही तिथे काय करायचं, तेही पुढे येईल.

आधी दोष ओळखा

गेममधल्या वस्तू त्रिकोणांच्या बनलेल्या असतात. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक पिक्सेलच्या मध्यबिंदूशी एकच प्रश्न विचारतं: हा बिंदू त्या त्रिकोणाच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर अख्खा पिक्सेल त्या रंगाचा, बाहेर असेल तर अजिबात नाही. चौकटीच्या वहीत तिरकी रेघ काढायची, पण दर वेळी पूर्ण चौकट रंगवायची असं ठरवलं तर जशी रेघ उमटेल, तशीच कड पडद्यावर येते. यातून निघणाऱ्या दोषांचे तीन प्रकार आहेत आणि ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार म्हणजे वस्तूंच्या कडा. भिंत, बंदूक, गाडीचं छप्पर, पात्राचा खांदा. या कडा स्थिर चित्रातही दातेरी दिसतात. दुसरा प्रकार पारदर्शक टेक्स्चरचा, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राचा: झाडांची पानं, गवत, जाळी, केस. इथे मूळ आकार साधा चौकोनी असतो आणि पानाचा आकार टेक्स्चरमधूनच कापलेला असतो. तिसरा प्रकार चमकेचा: ओला रस्ता, धातू, खडबडीत दगड यांवर प्रकाशाचे ठिपके एका फ्रेममध्ये दिसतात आणि पुढच्या फ्रेममध्ये गायब होतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. ज्या जागी त्रास होतो तिथे पात्राला उभं करा, कॅमेरा स्थिर ठेवा आणि स्क्रीनशॉट घ्या. त्यात पायऱ्या स्पष्ट दिसत असतील तर दोष पहिल्या प्रकारचा, आणि एसएमएए त्यावर उत्तम चालतं. स्क्रीनशॉट बराच स्वच्छ आहे, पण कॅमेरा सावकाश फिरवला की लुकलुक सुरू होते, असं असेल तर दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा. तिथे नुसतं एसएमएए लावून समाधान होणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

मॉडकडे वळण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. गेमचं रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनइतकं आहे ना? 'रेंडर स्केल' किंवा 'रिझोल्यूशन स्केल' १०० टक्क्यांच्या खाली तर नाही ना? आणि अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरप्या पृष्ठभागांवरचं टेक्स्चर स्पष्ट ठेवणारी सेटिंग) १६ वर आहे ना? यांतलं काही बिघडलेलं असेल तर कोणताही मॉड ते झाकू शकत नाही.

एसएमएएच का

जुन्या गेममध्ये एमएसएए असायचं. ते कडेवरच्या पिक्सेलमध्ये एकाऐवजी चार किंवा आठ बिंदू तपासतं आणि त्यांची सरासरी काढतं. पुढे गेम डिफर्ड रेंडरिंगकडे वळले. म्हणजे आधी दृश्याची सगळी माहिती वेगवेगळ्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यांत) साठवायची आणि प्रकाशाचा हिशेब नंतर करायचा. या पद्धतीत एमएसएए फार महाग पडतं, म्हणून ते बऱ्याच गेममधून गेलं.

त्या जागी चित्र पूर्ण झाल्यावर त्यातल्या कडा शोधून त्या मऊ करायची पद्धत आली. २००९ मध्ये इंटेलच्या अलेक्झांडर रेशेटोव्ह यांनी एमएलएए मांडलं, एनव्हीडियाच्या टिमोथी लॉट्स यांनी एफएक्सएए तयार केलं आणि २०१२ मध्ये होर्हे हिमेनेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एसएमएए प्रसिद्ध केलं. एफएक्सएए अतिशय हलकं आहे, पण ते कडेबरोबर टेक्स्चरचा बारीक तपशील आणि अक्षरंही पुसट करतं. एसएमएए तीन टप्प्यांत काम करतं: कडा शोधणं, त्या कडेचा आकार ओळखून कोणत्या पिक्सेलमध्ये शेजारचा रंग किती मिसळायचा ते ठरवणं, आणि मग प्रत्यक्ष मिसळणं. कडेचा आकार ओळखण्याचा हा मधला टप्पाच त्याला वेगळं करतो. त्यामुळे चित्राची धार टिकते. ग्राफिक्स कार्ड अगदीच जुनं नसेल तर एफएक्सएएकडे जाण्याचं मला काही कारण दिसत नाही.

रीशेड बसवणं

रीशेड गेमच्या मूळ फाइलींना हात लावत नाही. ते गेम आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांच्यामध्ये बसतं, तयार झालेली फ्रेम पडद्यावर जाण्याआधी आपल्याकडे घेतं, तिच्यावर इफेक्ट चालवतं आणि पुढे सोडतं.

त्याआधी एक इशारा. ऑनलाइन स्पर्धात्मक गेममध्ये रीशेडसारखी बाहेरची डीएलएल फाइल (गेमला जोडला जाणारा कोडचा भाग) दिसली की अँटी-चीट यंत्रणा गेम बंद करू शकते किंवा खात्यावर बंदी येऊ शकते. त्या गेमचे नियम आधी वाचा. नियमांत स्पष्ट परवानगी नसेल तर रीशेड फक्त एकट्याने खेळायच्या गेमपुरतं ठेवा.

इन्स्टॉलर रीशेडच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. तिथे दोन आवृत्त्या मिळतात: एक साधी आणि एक पूर्ण अ‍ॅड-ऑन सुविधेची. दुसरी फक्त सिंगल-प्लेअर गेमसाठी आहे. सुरुवातीला साधीच पुरेशी आहे.

गेम पूर्ण बंद करून इन्स्टॉलर उघडा. तो संगणकावरच्या गेमची यादी दाखवतो. यादीत तुमचा गेम नसेल तर 'ब्राउझ' करून त्याची ईएक्सई फाइल दाखवा. इथे एक नेहमीची फसगत होते. अनरिअल इंजिनवरच्या गेममध्ये मुख्य फोल्डरमध्ये दिसणारी ईएक्सई बहुधा नुसती लाँचर असते. खरी फाइल आत 'बायनरीज' फोल्डरमधल्या 'विन६४' फोल्डरमध्ये असते आणि तिच्या नावात 'शिपिंग' हा शब्द असतो. रीशेड त्या खऱ्या फाइलीशेजारी बसलं पाहिजे, नाहीतर गेम नेहमीसारखा चालेल आणि मॉडचा मागमूसही दिसणार नाही.

पुढच्या पडद्यावर ग्राफिक्स एपीआय, म्हणजे गेम ग्राफिक्स कार्डाशी ज्या भाषेत बोलतो ते, निवडायचं: डायरेक्टएक्स ९, डायरेक्टएक्स १०/११/१२, ओपनजीएल किंवा व्हल्कन. इन्स्टॉलर बहुतेकदा योग्य पर्याय स्वतःच सुचवतो. एकच गेम डायरेक्टएक्स ११ आणि व्हल्कन अशा दोन्ही प्रकारे चालत असेल, तर तुम्ही तो प्रत्यक्षात कसा चालवता ते गेमच्या सेटिंगमध्ये बघून तेच निवडा.

मग इफेक्टच्या पॅकेजांची यादी येते. सगळं काही टिक करायचा मोह आवरा. दर वेळी गेम सुरू होताना हे इफेक्ट तयार करावे लागतात आणि निरुपयोगी इफेक्टांमुळे फक्त वेळ वाढतो. स्टँडर्ड पॅकेज आणि स्वीटएफएक्स घेतलं तर पुरे. पॅकेज निवडल्यावर त्यातल्या फाइलींची यादी दिसते. तिच्यात एसएमएए आहे याची खात्री करा आणि डिस्प्लेडेप्थ हा इफेक्टही राहू द्या, त्याचं काम पुढे आहे. इन्स्टॉलर फाइली उतरवून घेतो आणि काम संपतं.

आता गेम सुरू करा. वरच्या बाजूला रीशेडची पट्टी दिसली की बसवणी जमली. कीबोर्डवरचं 'होम' बटण दाबा, रीशेडची खिडकी उघडेल. पहिल्यांदा एक छोटं शिकवणीचं पान येतं. ते पुढे ढकलत गेलात की इफेक्टांची यादी समोर येते. तिच्यात एसएमएएसमोर टिक करा.

लगेच दुसरं कामही उरका: 'सेटिंग्ज' टॅबमध्ये जाऊन इफेक्ट चालू-बंद करण्यासाठी एक बटण ठरवा. मॉडमुळे खरंच फरक पडतोय का, हे एका बटणावर आलटून-पालटून बघता आलं नाही तर तुम्ही अंदाजावरच आकडे बदलत राहाल.

आकडे जुळवणं: इथे घाई करू नका

आधी गेमचं स्वतःचं अँटी-अलायझिंग बंद करून बघा. गेममध्ये एफएक्सएए किंवा टीएए (आधीच्या फ्रेमची माहिती मिसळून कडा मऊ करणारी पद्धत) चालू असेल तर चित्र रीशेडपर्यंत पोचतानाच मऊ झालेलं असतं. एसएमएएला मग धड कडाच सापडत नाहीत आणि तुम्हाला वाटतं की मॉड काही करत नाही. मात्र काही नव्या गेममध्ये केस, झाडंझुडपं आणि सावल्या टीएए गृहीत धरूनच ठिपक्याठिपक्यांनी काढलेल्या असतात. टीएए बंद करताच त्या भागांत खरखर दिसू लागते. तसं झालं तर टीएए पुन्हा चालू करा. तो गेम एसएमएएसाठी नाही.

आता एसएमएएच्या सेटिंगमध्ये 'डीबग आउटपुट' शोधा आणि तिथे 'व्ह्यू एजेस' निवडा. पडदा काळा होईल आणि त्यावर फक्त सापडलेल्या कडा लाल, हिरव्या आणि पिवळ्या रंगांत उमटतील. सगळ्या मार्गदर्शनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी हीच, कारण इथे मॉड काय बघतोय ते तुम्हाला थेट दिसतं. वस्तूंच्या बाह्यरेषा उमटाव्यात, पण भिंतीच्या विटांचा पोत, जमिनीवरची वाळू, कपड्याचं विणकाम हे शक्यतो काळंच राहावं. पोतातही रंगीत रेषांचं जाळं दिसत असेल तर एसएमएए तो पोतही पुसट करणार.

हे ताब्यात ठेवणारा आकडा म्हणजे 'एज डिटेक्शन थ्रेशोल्ड'. तो ०.१० वर असतो आणि ०.०५ ते ०.२० या पट्ट्यात फिरवता येतो. आकडा लहान केला की जास्त कडा सापडतात, मोठा केला की कमी. एसएमएएच्या मूळ रचनेत 'हाय' दर्जासाठी ०.१ आणि 'अल्ट्रा'साठी ०.०५ ठरवलेलं आहे. म्हणून अनेक जण डोळे झाकून ०.०५ करतात. माझं मत वेगळं आहे: आधी ०.१० वर कडा बघा, एखादी महत्त्वाची बाह्यरेषा सुटत असेल तरच ०.०१ च्या टप्प्याने खाली या, आणि पोतात जाळं दिसू लागलं की तिथेच थांबा. अंधाऱ्या गेममध्ये कडेच्या दोन्ही बाजू काळपट असल्याने आकडा बराच खाली आणावा लागतो. उजळ, चित्रमय शैलीच्या गेममध्ये ०.१० किंवा त्याहून थोडा वरचा आकडाही भागवतो. एकाच जागेवरून ठरवू नका. दिवसाचं उघडं मैदान, रात्रीचा रस्ता आणि इमारतीच्या आतला भाग, तिन्ही ठिकाणी बघा.

'एज डिटेक्शन टाइप'मध्ये प्रकाशमान (उजेड), रंग आणि डेप्थ (अंतर) असे पर्याय असतात. प्रकाशमानावर आधारलेला शोध जलद असतो, पण शेजारच्या दोन रंगांचा उजेड सारखा असेल, उदाहरणार्थ तितक्याच उजेडाचे लाल आणि हिरवे, तर त्यांच्यामधली कड त्याला दिसत नाही. रंगावर आधारलेला शोध ती पकडतो. आजच्या कार्डांवर दोन्हींच्या खर्चातला फरक जाणवत नाही, म्हणून रंगाचाच पर्याय ठेवा. नुसत्या डेप्थवर शोध घेणं मला पटत नाही. त्यात एकाच पृष्ठभागावरचे रंगांचे बदल, लिहिलेल्या पाट्या, सावल्यांच्या कडा सगळं सुटतं.

'मॅक्स सर्च स्टेप्स' हा पुढचा आकडा. जवळजवळ आडव्या किंवा जवळजवळ उभ्या रेषांमध्ये पायऱ्या लांबच लांब असतात. त्या मऊ करायच्या तर एसएमएएला पायरीचं टोक शोधत दोन्ही बाजूंना बरंच दूर जावं लागतं. हा आकडा १६ असेल तर ६४ पिक्सेल लांबीपर्यंतची पायरी नीट हाताळली जाते, ३२ असेल तर १२८ पिक्सेलपर्यंतची. ३२ बहुतेक ठिकाणी पुरतो. ४के पडद्यावर लांब क्षितिजरेषा, रूळ, पुलाचे कठडे अशा गोष्टी सतत समोर असतील तर तो वाढवा. कमाल ११२ पर्यंत जाता येतं, पण एवढी गरज क्वचितच पडते. तिरक्या रेषांसाठी 'मॅक्स सर्च स्टेप्स डायगोनल' आहे. तो १६ वर राहू द्या.

'कॉर्नर राउंडिंग' वाढवलं की कोपरे गोलावतात. २५ हा मूळ आकडा समतोल आहे. खिडक्यांचे आणि अक्षरांचे कोपरे बोथट वाटले तर तो शून्याकडे न्या.

सगळं मनासारखं झालं की 'डीबग आउटपुट' पुन्हा बंद करा आणि खिडकीच्या तळाशी असलेला 'परफॉर्मन्स मोड' चालू करा. त्यानंतर आकडे बदलता येत नाहीत, पण इफेक्ट हलका होतो. नेमका किती वेळ खर्च होतोय ते 'स्टॅटिस्टिक्स' टॅबमध्ये मिलिसेकंदांत दिसतं. ६० फ्रेमच्या वेगाला प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातला किती वाटा एसएमएए घेतं ते एकदा स्वतः बघा, म्हणजे फ्रेम रेट पडल्याचा दोष उगाच मॉडवर जाणार नाही.

एचडीआर (उजेडाचा जास्त मोठा पल्ला दाखवणारी सोय) चालू असेल तर वरचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण ते साध्या प्रकाशमर्यादेसाठी ठरवलेले आहेत. अशा वेळी 'व्ह्यू एजेस' बघूनच थ्रेशोल्ड ठरवा, किंवा त्या गेमपुरतं एचडीआर बंद करून दोन्ही चित्रं पारखा.

डेप्थची मदत

पोत वाचवायचा आणि बाह्यरेषाही सोडायच्या नाहीत, अशी ओढाताण काही गेममध्ये थ्रेशोल्डने सुटतच नाही. त्यासाठी एसएमएएमध्ये 'प्रेडिकेशन' आहे. ते दृश्यातल्या अंतराची माहिती, म्हणजे डेप्थ बफर, वापरतं. जिथे दोन वस्तूंच्या अंतरात फरक आहे तिथे थ्रेशोल्ड खाली आणला जातो, बाकी ठिकाणी तो वरच राहतो. त्यामुळे बाह्यरेषा पकडल्या जातात आणि विटांचा पोत सुटतो.

ते चालण्यासाठी रीशेडला डेप्थ बरोबर मिळायला हवा. डिस्प्लेडेप्थ चालू करा. पडद्याच्या एका भागात पृष्ठभागांची दिशा निळसर-जांभळ्या छटांत दिसेल आणि दुसऱ्या भागात अंतर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. जवळची वस्तू काळी आणि दूरची पांढरी हवी. उलटं दिसत असेल किंवा चित्र डोक्यावर उभं असेल तर त्याच इफेक्टच्या पर्यायांतून 'रिव्हर्स्ड' आणि 'अपसाइड डाउन' बदलून बघा. जुळलेले पर्याय रीशेडच्या सर्व इफेक्टांसाठीच्या व्याख्यांमध्येही टाकावे लागतात, नाहीतर एसएमएएला ते कळत नाहीत. सगळा पडदा एकाच रंगाचा असेल तर गेममधलं एमएसएए बंद करून बघा. ते चालू असताना डेप्थ बहुतेकदा मिळत नाही. साध्या आवृत्तीत गेमची नेटवर्कवरची देवाणघेवाण दिसली की रीशेड डेप्थ मुद्दाम रोखून धरतं, म्हणजे त्याचा वापर ऑनलाइन फसवणुकीसाठी होऊ नये. तो दोष नाही.

डेप्थ जुळला की डिस्प्लेडेप्थ बंद करा, प्रेडिकेशन चालू करा, थ्रेशोल्ड थोडा वर न्या आणि पुन्हा 'व्ह्यू एजेस' बघा. फरक लगेच दिसतो.

अक्षरं आणि इतर इफेक्ट

रीशेड पूर्ण झालेल्या फ्रेमवर काम करतं, म्हणजे नकाशा, आरोग्यपट्टी, संवादांची अक्षरं यांच्यावरही एसएमएए चालतं. बारीक अक्षरं किंचित जाड दिसू शकतात. स्टँडर्ड पॅकेजमध्ये 'यूआयमास्क' आहे. पडद्यावरचे स्थिर भाग काळ्या-पांढऱ्या चित्राने झाकून तिथे इफेक्ट लागू नये अशी व्यवस्था त्यातून करता येते. कोपऱ्यातल्या नकाशासाठी ते चांगलं आहे, सरकत्या अक्षरांसाठी नाही.

इफेक्टांचा क्रम मात्र सगळ्यांनी पाळलाच पाहिजे. यादीत जो वर, तो आधी चालतो. एसएमएए सर्वांत वर ठेवा. शार्पनिंग, रंगसुधारणा, फिल्म ग्रेन हे त्याच्या खाली. शार्पनिंग आधी झालं तर ते दातेरी कडा आणखी ठळक करतं. फिल्म ग्रेन आधी आलं तर त्याचा प्रत्येक ठिपका एसएमएएला कड वाटतो. टीएएमुळे मऊ झालेल्या गेममध्ये फक्त धार परत आणायची असेल तर सीएएस हा शार्पनिंग इफेक्ट अगदी थोड्या प्रमाणात वापरा.

एसएमएए हरतं तिथे

पिक्सेलपेक्षा बारीक तार असेल तर मूळ चित्रात तिचे तुकडेच उमटलेले असतात. एसएमएए त्या तुकड्यांच्या कडा मऊ करतं, हरवलेला भाग आणू शकत नाही. पानांची आणि चमकेची लुकलुकही तशीच. खरा इलाज म्हणजे दृश्य मोठ्या रिझोल्यूशनवर काढून लहान करणं.

एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'खाली 'डीएसआर - फॅक्टर्स' आहे. एएमडीकडे याच कामाला व्हीएसआर आहे. १९२०×१०८० च्या मॉनिटरवर ४ पट निवडलं तर गेमच्या यादीत ३८४०×२१६० येतं, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेलऐवजी ८२ लाख ९४ हजार पिक्सेल. कार्डावरचा भार त्याच प्रमाणात वाढतो. ४ पटीत प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला बरोबर चार पिक्सेल येतात, म्हणून 'स्मूदनेस' शून्यावर आणा. मधल्या पटींत ते थोडं ठेवावं लागतं. आरटीएक्स कार्ड असेल तर डीएलडीएसआर, म्हणजे डीएसआरचीच एआय वापरणारी आवृत्ती, मिळतं, त्यात १.७८ आणि २.२५ असे दोन पर्याय आहेत. १०८०पी मॉनिटरवर २.२५ म्हणजे २८८०×१६२०. कार्डाला झेपत असेल तर हे २.२५ आणि वर एसएमएए, ही जोडी मला सर्वांत आवडते: मोठं चित्र लुकलुक कमी करतं आणि उरलेल्या पायऱ्या एसएमएए पुसतं. गेमच्या यादीत मोठं रिझोल्यूशन दिसत नसेल तर आधी डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन बदला, मग गेम सुरू करा.

खूप जुन्या गेमसाठी वाट वेगळी आहे. डायरेक्टएक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्या किंवा ग्लाइड या जुन्या ग्राफिक्स एपीआयवर चालणारे गेम असतील तर डीजीव्हूडू २ वापरा. ते जुन्या आज्ञा डायरेक्टएक्स ११ किंवा १२ मध्ये उतरवतं. त्याच्या डीएलएल फाइली गेमच्या ईएक्सईशेजारी ठेवायच्या, जुने गेम ३२ बिटचे असल्याने 'एक्स८६' फोल्डरमधल्या. मग त्याच्या कंट्रोल पॅनेलच्या 'डायरेक्टएक्स' टॅबमध्ये रिझोल्यूशन आणि एमएसएएची पट निवडायची आणि वॉटरमार्कची टिक काढायची. खरंखुरं एमएसएए मिळाल्यावर त्या काळातले साधे त्रिकोण इतके स्वच्छ दिसतात की एसएमएएची आठवणही होत नाही.

डायरेक्टएक्स ९ चा गेम आणि एनव्हीडियाचं कार्ड असेल तर एनव्हीडिया प्रोफाइल इन्स्पेक्टर हे ड्रायव्हरच्या लपलेल्या सेटिंग बदलणारं साधन आहे. गेमचं प्रोफाइल निवडून अँटी-अलायझिंगचा मोड 'ओव्हरराइड' करायचा, सेटिंगमध्ये ४ पट मल्टिसॅम्पलिंग आणि ट्रान्स्परन्सीमध्ये ४ पट स्पार्स ग्रिड सुपरसॅम्पलिंग. दोन्हींची पट सारखीच हवी. बऱ्याच गेमना याखेरीज 'अँटी-अलायझिंग कम्पॅटिबिलिटी'चा त्या गेमसाठीचा खास कोड लागतो, त्याशिवाय ड्रायव्हर हुकूम ऐकतच नाही. टेक्स्चर मऊ वाटलं तर एलओडी बायस (टेक्स्चरची धार ठरवणारा आकडा) दुप्पट सॅम्पलिंगला उणे ०.५, चौपट सॅम्पलिंगला उणे १ ठेवा. डायरेक्टएक्स १० आणि पुढच्या गेममध्ये ही जबरदस्ती सहसा चालत नाही.

नव्या गेममध्ये, विशेषतः डीएलएसएस (एनव्हीडियाचं एआयने चित्र मोठं करणारं तंत्र) असलेल्या, टीएएशी झगडत बसण्यापेक्षा डीएलएए (त्याचंच कडा मऊ करणारं रूप) चांगलं. ते मूळ रिझोल्यूशनवरच चालतं आणि आधीच्या फ्रेमची माहिती वापरत असल्याने लुकलुकही आवरतं. गेमच्या सेटिंगमध्ये ते नसेल तर डीएलएसएसट्वीक्स या मॉडने किंवा एनव्हीडिया अ‍ॅपमधल्या डीएलएसएस ओव्हरराइडने ते लावता येतं. त्यासाठी आरटीएक्स कार्ड हवं. लिनक्सवर खेळत असाल तर रीशेडसारख्याच व्हीकेबसॉल्ट या साधनात एसएमएए, एफएक्सएए आणि सीएएस तिन्ही आहेत.

अडलं तर

'होम' दाबूनही खिडकी येत नाही: चुकीच्या ईएक्सईशेजारी बसवलंय किंवा चुकीचं एपीआय निवडलंय, बहुतेक वेळा याच दोनपैकी एक कारण निघतं. गेम सुरू होतानाच बंद पडतो: पडद्यावर काही काढणारे बाकीचे प्रोग्राम, म्हणजे फ्रेम मोजणारे किंवा रेकॉर्डिंग करणारे, बंद करून बघा. गेमला नवी आवृत्ती आल्यावर मॉड नाहीसा झाला: अपडेटने ती डीएलएल पुसली असेल, इन्स्टॉलर पुन्हा चालवा. तुमचे आकडे प्रीसेटच्या (साठवलेल्या सेटिंगच्या) आयएनआय फाइलीत सुरक्षित असतात, तरीही त्या फाइलीची एक प्रत वेगळी ठेवा.

मॉड काढायचा असेल तर इन्स्टॉलरमध्ये तोच गेम निवडून 'अनइन्स्टॉल' करा. हाताने काढायचं तर डायरेक्टएक्स १० ते १२ च्या गेममध्ये बहुधा 'डीएक्सजीआय', डायरेक्टएक्स ९ मध्ये 'डी३डी९' आणि ओपनजीएलमध्ये 'ओपनजीएल३२' या नावाची डीएलएल असते. ती, रीशेडच्या आयएनआय फाइली आणि 'रीशेड-शेडर्स' फोल्डर काढलं की गेम पूर्ववत होतो. मात्र डीएलएल पुसण्याआधी तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये रीशेडचं नाव आहे ना ते बघा, कारण दुसरे मॉडही हीच नावं वापरतात. व्हल्कनसाठी रीशेड गेमच्या फोल्डरमध्ये न बसता सबंध संगणकासाठी बसतं, त्यामुळे तिथे इन्स्टॉलरमधूनच काढा.